गिटमधल्या ‘हिंट’ ओळी म्हणजे काय? ग्राफिकल टूल्समध्ये त्या बंद का कराव्या लागतात?

कोडिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट वारंवार दिसतो. ॲपमधलं एक बटण दाबलेलं असतं, समोर लाल चौकट आलेली असते, चौकटीत दहा-पंधरा ओळींचा इंग्रजी मजकूर असतो आणि खाली प्रश्न असतो, ‘काय बिघडलं?’

अनेकदा काहीच बिघडलेलं नसतं. काम नीट झालेलं असतं आणि चौकटीतला मजकूर हा फक्त एक सल्ला असतो. तो टर्मिनलसमोर बसून कमांड टाइप करणाऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो, पण बटण दाबणाऱ्या माणसाच्या समोर येऊन पडतो.

हे सल्ले एका फटक्यात बंद करण्याची सोय गिटमध्ये २०२४ मध्ये आली. ती काय आहे, का लागली आणि ती वापरणाऱ्या टूलवर कोणती जबाबदारी येते, हे समजून घेऊ.

(या लेखात कमांड देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात.)

आधी थोडक्यात, गिट म्हणजे काय?

फाइलमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. गिट हे त्यातलं आज सर्वाधिक वापरलं जाणारं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं. त्याच वर्षी जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे.

गिट मुळात कमांड लाइनवर चालतं. म्हणजे काळ्या खिडकीत शब्द टाइप करायचे आणि उत्तर वाचायचं. हे सगळ्यांना जमतं असं नाही, आवडतंच असंही नाही. म्हणून गिटभोवती बटणं आणि मेन्यू असलेली टूल्स तयार झाली. गिटसोबत येणारं ‘गिट गुई’, ‘गिटहब डेस्कटॉप’, ‘टॉर्टॉइजगिट’, व्हीएस कोडमधला सोर्स कंट्रोलचा भाग ही त्यांची उदाहरणं.

हिंट म्हणजे नेमकं काय?

गिटचे संदेश ढोबळपणे चार प्रकारचे असतात. ‘फेटल’ म्हणजे काम थांबलं. ‘एरर’ म्हणजे चूक झाली. ‘वॉर्निंग’ म्हणजे इशारा. आणि ‘हिंट’ म्हणजे सल्ला, पुढे काय करता येईल याचा.

रोज भेटणारे काही सल्ले असे:

• नवी रिपॉझिटरी तयार करताना मुख्य शाखेचं नाव ‘मास्टर’ ठेवलं आहे, हे नाव पुढे बदलू शकतं, तुम्हाला दुसरं हवं असेल तर अमुक सेटिंग करा. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या २.३० आवृत्तीपासून हा मजकूर दिसू लागला.

• तुमचे बदल सर्व्हरवर पाठवता आले नाहीत, कारण तिथे दुसऱ्या कोणाचं तरी काम आधीच आलेलं आहे. आधी पुल करा, मग पुश करा.

• तुम्ही आता कोणत्याही शाखेवर नाही, ‘डिटॅच्ड हेड’ स्थितीत आहात. इथे केलेलं काम ठेवायचं असेल तर नवी शाखा काढा.

यातल्या तिसऱ्या सल्ल्याच्या ओळींआधी ‘हिंट’ हा शब्दही येत नाही, पण गिटच्या लेखी तोही सल्लाच आहे. असे सल्ले डझनावारी आहेत आणि नव्या आवृत्त्यांमध्ये त्यांत भर पडत असते.

टर्मिनलवर शिकणाऱ्यासाठी हे सल्ले मोलाचे आहेत. अडचण सांगून गप्प बसण्यापेक्षा वाट दाखवणारं सॉफ्टवेअर केव्हाही बरं.

ग्राफिकल टूल आतून काय करतं?

तुम्ही ‘पुश’ बटण दाबता तेव्हा बहुतेक टूल्स पडद्यामागे तीच ‘गिट पुश’ कमांड चालवतात, तिचं उत्तर वाचतात आणि तुम्हाला चित्ररूपात दाखवतात. अशा टूलला रॅपर म्हणतात, कारण ते मूळ प्रोग्रामला वरून गुंडाळतं. गिट न चालवता ‘लिबगिट२’सारखी लायब्ररी वापरणारीही टूल्स आहेत, त्यांचा मार्ग वेगळा.

गिट चालवणाऱ्या टूलला गिटकडून तीन गोष्टी परत मिळतात:

१. स्टँडर्ड आउटपुट: मागितलेली माहिती या वाटेने येते.
२. स्टँडर्ड एरर: चुका, इशारे आणि इतर बोलणं या दुसऱ्या वाटेने येतं.
३. एक्झिट कोड: काम संपल्यावर मिळणारा आकडा. शून्य म्हणजे काम झालं. दुसरा आकडा बहुतेक वेळा अपयश सांगतो.

गोंधळाचं मूळ दुसऱ्या वाटेच्या नावात आहे. नाव ‘एरर’ असलं तरी तिथून येणारं सगळं चूक नसतं. क्लोन करताना ‘इतके टक्के झाले’ असं सांगणारी ओळ याच वाटेने येते. यशस्वी पुशचा अहवालही इथूनच येतो आणि हिंटही इथूनच.

असं का? कारण माहिती आणि बोलणं एकमेकांत मिसळू नये. ही दुसरी वाट १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये युनिक्सवर काम करताना तयार झाली. त्याआधी चुकीचे संदेशही मुख्य आउटपुटमध्येच जायचे आणि महागड्या छपाईयंत्रातून मजकुराऐवजी ‘फाइल उघडता आली नाही’ असं छापून बाहेर पडायचं.

मग सल्ला एररसारखा का दिसतो?

कारण काही टूल्स सोपा नियम लावतात, की दुसऱ्या वाटेने काहीही आलं तर ती चूक समजा. मग लाल रंग, चौकट, कधी धोक्याचं चिन्ह. आपोआप चालणाऱ्या बिल्ड यंत्रणांमध्ये ‘स्टँडर्ड एररवर काही आलं तर काम फेल धरा’ असा पर्यायच असतो. तो चालू असेल तर नुसत्या सल्ल्यानेही अख्खं काम लाल होऊ शकतं.

भिवंडीच्या वाचकांना हे मागाच्या उदाहरणाने पटकन कळेल. कामतघर किंवा शहराच्या इतर भागांतल्या यंत्रमागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबावा यासाठी वेफ्ट फोर्क नावाची सोय असते. धागा तुटला, माग थांबला. हा झाला एक्झिट कोड. आता बाजूला उभा असलेला मुकादम म्हणाला, ‘ताणा जरा सैल वाटतोय, बघून घे.’ ही झाली हिंट. ती ऐकायची असते, पण तिच्यामुळे माग थांबवायचा नसतो. मुकादमाच्या प्रत्येक वाक्याला माग थांबू लागला तर दिवसभरात कापड निघणार नाही.

एकच मजकूर, दोन अर्थ

सल्ल्याचा मजकूर वाचून निर्णय घेणं किती फसवं असतं, हे ‘पुल’च्या उदाहरणातून दिसतं.

जून २०२० मध्ये आलेल्या २.२७ आवृत्तीपासून पुल करताना एक लांब मजकूर दिसू लागला. दोन ठिकाणचे बदल एकत्र कसे करायचे ते तुम्ही ठरवलेलं नाही, ते ठरवा आणि त्यासाठी या तीन सेटिंगपैकी एक निवडा, असा त्याचा आशय. आधी तो इशारा म्हणून येत होता, पुढच्या काही आवृत्त्यांत त्याला हिंटचं रूप मिळालं. पण पुल पूर्ण होत होतं.

ऑगस्ट २०२१ च्या २.३३ आवृत्तीत नियम बदलला. दोन्हीकडचे बदल वेगळ्या दिशांना गेले असतील आणि पद्धत ठरवलेली नसेल, तर गिट थेट थांबू लागलं. तेव्हाही जवळपास तसाच सल्ला दिसत होता, मात्र यावेळी त्याच्याखाली ‘फेटल’ची ओळ होती.

म्हणजे दिसायला सारखा मजकूर, पण एकदा काम झालेलं आणि एकदा न झालेलं. जे टूल फक्त मजकूर पाहतं ते दोन्हींपैकी एका वेळी चुकतंच. एक्झिट कोड पाहणारं टूल चुकत नाही.

२०२४ च्या आधी काय उपाय होता?

एकेक सल्ला बंद करण्याची सोय २००९ पासून आहे. गिटच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हाइस’ हा शब्द, पुढे टिंब, पुढे त्या सल्ल्याचं नाव आणि त्याची किंमत ‘फॉल्स’. बऱ्याच सल्ल्यांच्या शेवटच्या ओळीत हे सेटिंग दिलेलंही असतं.

एका माणसाला एखादा सल्ला नकोसा झाला तर हे पुरेसं आहे. टूल बनवणाऱ्याला मात्र सगळ्या सल्ल्यांची यादी ठेवावी लागायची. गिटच्या नव्या आवृत्तीत नवा सल्ला आला की यादी अपुरी. टूलमध्ये काहीही न बदलता वापरणाऱ्याला अचानक नवी चौकट दिसायची, फक्त त्याने गिट अपडेट केलं म्हणून. सर्व्हरवर गिट चालवणाऱ्यांचीही हीच अडचण होती. नवा सल्ला आला की अपेक्षित आउटपुट जुळत नसे आणि त्यांच्या चाचण्या फेल व्हायच्या.

२०२४ मध्ये काय बदललं?

२९ जुलै २०२४ ला गिटची २.४६ आवृत्ती आली. तिच्यात सगळे सल्ले एकदम बंद करणारा ‘नो-ॲडव्हाइस’ हा पर्याय आला. तो ‘गिट’ या शब्दानंतर आणि मूळ कमांडच्या आधी, दोन आडव्या रेघा देऊन लिहितात. तो स्क्रिप्टसाठी आहे, असं गिटने तेव्हाच स्पष्ट केलं.

हा पर्याय आतून एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याच्या हातात दिलेली चिठ्ठी. हिचं नाव ‘गिट_ॲडव्हाइस’, मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये अंडरस्कोर. किंमत शून्य दिली की सगळे सल्ले बंद. २.४६ मध्ये ही चिठ्ठी फक्त आतल्या कामासाठी होती. ऑक्टोबर २०२४ च्या २.४७ आवृत्तीत ती अधिकृत माहितीपत्रकात आली आणि गिट चालवणाऱ्या टूल्सनी ती वापरावी असं त्यात लिहिलं गेलं.

समोर टर्मिनल नसेल तर गिटने आपोआप गप्प बसावं, असाही एक प्रस्ताव आला होता. तो मागे पडला. काही टूल्स गिटचं बोलणं जसंच्या तसं वापरणाऱ्याला दाखवतात आणि तिथे सल्ला उपयोगीही पडतो. गप्प बसायचं की नाही हे गिटला ओळखता येत नाही, टूलला मात्र माहीत असतं. त्यामुळे निर्णय टूलवर सोडण्यात आला.

पर्याय वापरायचा की व्हेरिएबल?

टूल बनवणाऱ्यांसाठी उत्तर व्हेरिएबल असं आहे आणि कारण साधं आहे. वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर गिटची कोणती आवृत्ती असेल ते टूलला आधी माहीत नसतं. जुन्या गिटला ‘नो-ॲडव्हाइस’ दिला तर ‘हा पर्याय माहीत नाही’ म्हणून ते कामच करत नाही. सल्ला लपवायला गेलं आणि पुशच बंद पडलं, असं होईल. ओळखीचं नसलेलं व्हेरिएबल मात्र जुनं गिट सरळ दुर्लक्षित करतं. तिथे सल्ले दिसत राहतील, पण काम थांबणार नाही.

इथे एक खाचखळगा आहे. अशी चिठ्ठी पुढच्या प्रोग्रामलाही वारशाने मिळते. टूलने ती स्वतःच्या संपूर्ण ॲपसाठी लावली आणि त्याच ॲपमध्ये टर्मिनलची खिडकी असेल, तर त्या टर्मिनलमध्ये कमांड टाइप करणाऱ्यालाही सल्ले दिसणार नाहीत, आणि का दिसत नाहीत हेही कळणार नाही. म्हणून चिठ्ठी फक्त पडद्यामागे चालणाऱ्या गिटपुरती द्यावी.

काय बंद होतं, काय होत नाही?

बंद होतात:
• ‘हिंट’च्या ओळी
• ‘डिटॅच्ड हेड’सारखे लांब सल्ले
• ‘गिट स्टेटस’मध्ये कंसात येणाऱ्या ‘अमुक कमांड वापरा’ अशा ओळी

चालू राहतात:
• ‘फेटल’, ‘एरर’ आणि ‘वॉर्निंग’
• प्रगती दाखवणाऱ्या ओळी
• एक्झिट कोड

म्हणजे सल्ले बंद केल्याने चूक लपत नाही. चूक झाल्याचं कळतं, पण पुढे काय करायचं ते कळत नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते.

सल्ला लपवला, मग वाट कोण दाखवणार?

समजा, कामतघरमधल्या एका कारखान्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर दोन विद्यार्थिनी मिळून लिहीत आहेत. एकीने रात्री आपले बदल सर्व्हरवर पाठवले. दुसरीने सकाळी पुश दाबलं. गिटने नकार दिला.

टूलने सल्ला तसाच दाखवला तर तिला ‘गिट पुल वापरा’ असं वाचायला मिळेल. पण तिच्यासमोर टर्मिनल नाही, मग ही कमांड टाइप कुठे करायची? टूलने सल्ला लपवला आणि स्वतः काहीच सांगितलं नाही, तर तिला फक्त ‘पुश अयशस्वी’ दिसेल. मेन्यूत शोधताना ‘फोर्स पुश’ सापडेल, ती तो दाबेल आणि यावेळी काम होईल. पण पहिलीने रात्री पाठवलेले बदल सर्व्हरवरच्या शाखेतून गेलेले असतील. ते पहिलीच्या कॉम्प्युटरवर असतील, तोवर परत आणता येतात. दोघींना हे वेळेत कळेल का, हा प्रश्न उरतो.

चांगलं टूल इथे तिसरी वाट धरतं. गिटचा सल्ला लपवायचा आणि तोच सल्ला बटणाच्या भाषेत द्यायचा: ‘सर्व्हरवर नवं काम आलं आहे. आधी ते आणायचं का?’ खाली दोन बटणं, ‘आणा’ आणि ‘रद्द करा’.

‘डिटॅच्ड हेड’चंही तसंच. एखादी जुनी आवृत्ती पाहायला गेलेला माणूस नकळत तिथेच काम करतो, कमिटही करतो आणि मग मुख्य शाखेवर परततो. ते कमिट कोणत्याच शाखेला जोडलेले नसतात. गिट ते लगेच पुसत नाही. रिफ्लॉग नावाच्या नोंदवहीत अशा कमिटची नोंद नेहमीच्या सेटिंगनुसार ३० दिवस राहते. पण रिफ्लॉग म्हणजे काय हे माहीत नसलेल्याला काम गेलं असंच वाटतं. म्हणून सल्ला बंद करणाऱ्या टूलने ‘तुम्ही कोणत्याही शाखेवर नाही’ हे स्क्रीनवर सतत दिसत ठेवायला हवं आणि ‘इथून शाखा काढा’ हे बटण हाताशी द्यायला हवं.

याचं एक चांगलं उदाहरण व्हीएस कोडमध्ये आहे. एप्रिल २०२२ मध्ये सुरक्षेच्या कारणासाठी गिटने दुसऱ्या यूजरच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करायला नकार द्यायला सुरुवात केली. नकारासोबत एक लांब कमांड सुचवली जाते. व्हीएस कोड ती कमांड तुमच्यासमोर टाकत नाही. फोल्डर असुरक्षित असू शकतो असं सांगून त्या रिपॉझिटरी हाताळण्यासाठी बटण देतं.

यात मराठीचा संबंध कुठे?

गिटचे संदेश २०१२ पासून वेगवेगळ्या भाषांत येऊ लागले. स्वीडिश, व्हिएतनामी, तुर्की, चिनी अशा अनेक भाषांतरांची सोय गिटसोबत येते. मराठी आणि हिंदी त्यात नाहीत.

भाषांतरामुळे टूल्सपुढे वेगळाच पेच आला. इंग्रजी शब्द शोधून चूक ओळखणारं टूल स्वीडिश गिटसमोर आंधळं होतं. म्हणून व्हीएस कोडसारखी टूल्स पडद्यामागचं गिट मुद्दाम इंग्रजीत चालवतात. त्यामुळे सल्ला तसाच दाखवला तर तो इंग्रजीतच दिसणार, वापरणाऱ्याची भाषा कोणतीही असो.

याची दुसरी बाजू मराठी टूल बनवू पाहणाऱ्यांसाठी कामाची आहे. गिटचे सल्ले बंद करून त्या जागी स्वतःचा मजकूर लिहायचाच असेल, तर तो मराठीत लिहायला गिटची परवानगी किंवा गिटचं भाषांतर लागत नाही. ‘आधी सर्व्हरवरचे बदल आणा’ हे वाक्य टूलचं स्वतःचं असतं.

तुम्ही टूल किंवा स्क्रिप्ट लिहीत असाल तर

१. यश-अपयश एक्झिट कोडवरून ठरवा. स्टँडर्ड एररवर काही आलं म्हणून काम फेल धरू नका.
२. ‘गिट_ॲडव्हाइस’ची किंमत शून्य ठेवा, फक्त तुम्ही चालवलेल्या गिटपुरती.
३. स्थिती वाचायला माणसांसाठीचं आउटपुट वापरू नका. ‘गिट स्टेटस’ला ‘पोर्सेलिन’ पर्याय द्या. त्याची मांडणी आवृत्ती बदलली तरी स्थिर राहते.
४. पासवर्डसाठी गिट पडद्यामागे थांबून राहू नये म्हणून ‘गिट_टर्मिनल_प्रॉम्प्ट’ची किंमतही शून्य ठेवा.
५. जे सल्ले बंद केले त्यांची यादी काढा आणि प्रत्येकासाठी आपल्या टूलमध्ये पर्यायी सूचना किंवा बटण आहे का ते तपासा.
६. मूळ मजकूर फेकून देऊ नका. ‘तपशील पाहा’मागे ठेवा, म्हणजे मदत मागताना तो कॉपी करता येतो.

तुम्ही फक्त टूल वापरत असाल तर

चौकट आली की आधी ‘फेटल’ किंवा ‘एरर’ने सुरू होणारी ओळ शोधा. ती नसेल आणि फक्त ‘हिंट’ असेल तर बहुधा काम झालेलं आहे. फाइल आणि कमिटची यादी पाहून खात्री करा. कारण कळेपर्यंत ‘फोर्स’ शब्द असलेलं बटण दाबू नका.

टर्मिनलवर गिट शिकत असाल तर हे सल्ले बंद करायची घाई नको. एखादा पाठ झाला आणि त्रास देऊ लागला की तेवढाच बंद करा. आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना चौकटीतला सगळा मजकूर येऊ द्या. उत्तर देणाऱ्याला लागणारी ओळ बऱ्याचदा सगळ्यात खाली असते.